काकांचा जनरेटर आणि ताईचं मुकं यंत्र

आमचे काका जनरेटर दुरुस्त करतात. तपासायची त्यांची पद्धत एकच. यंत्रावर तळहात टेकवायचा आणि डोळे मिटायचे. थरथर जाणवली तर जिवंत, नाही तर गेलं. त्यांच्या कपड्यांना डिझेलचा इतका वास, की काकू ते घरातल्या इतर कपड्यांना लागूसुद्धा देत नाही.

अलीकडे उन्हाळा असा काही तापतो, की घरोघरी एसी सुरू होतात आणि लाइट जाते. काकांना मग श्वास घ्यायला फुरसत नसते.

"लाइट गेली की तुमचा धूर, धुराने आणखी ऊन, उन्हाने परत लाइट जाणार," त्यांची लेक, आमची ताई, एकदा जेवताना म्हणाली.

"म्हणजे धंदा बरा चाललाय," काका म्हणाले आणि आणखी वाढून घेतलं.

ही ताई छपरांवर सोलर बसवते. बापाच्याच पोटावर पाय, असं नातेवाइकांचं मत. तिला पहिलं मोठं काम मिळालं तेही नेमकं बाळंतपणाच्या दवाखान्यात, जिथला जनरेटर काका सांभाळतात. चाचणी जमली तर जनरेटर जाणार, फसली तर ताईचं काम. काका मला घेऊन बघायला गेले. "बघू तरी, पोरगी काय दिवे लावते."

त्या सकाळी आत पेशंट नव्हते. ताईने मेन स्विच बंद केला. दिवे तसेच राहिले, डॉक्टरबाई खूश झाल्या. काका मात्र सवयीने जिन्याखाली, ताईने बसवलेल्या बॅटरीच्या कपाटाशी पोचले होते, मी त्यांच्या मागे. तळहात टेकवला, डोळे मिटले. थरथर नाही. "गेलं," म्हणाले आणि जनरेटर लावायच्या घाईत कपाटाचा खटका खाली ओढला.

सगळे दिवे गेले.

"आत कुणी बाळंतीण असती तर?" वरून डॉक्टरबाईंचा आवाज आला. आम्ही वर गेलो तेव्हा ताई चेहरा पाडून एकेक वायर तपासत होती. काका नुसते गप्प राहिले असते, तरी त्यांचं काम टिकलं असतं. खरं सांगतो, मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली.

"डॉक्टरबाई, खटका मी ओढला," काका म्हणाले. "पोरीचं यंत्र ठणठणीत आहे. आवाज करत नाही, एवढंच."

त्यांनी खाली जाऊन खटका वर केला. दिवे आले.

"मग जनरेटर काढायचा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

काकांनी फडक्याने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"काढा. पण काढायला मीच येईन. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही त्याला."