साधू घरी नव्हता

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एका जुन्या चिनी कवितेचं रसग्रहण लिहायचं होतं. कविता मराठीत आणलेली, अगदी लहान. एक माणूस डोंगरात राहणाऱ्या साधूला भेटायला जातो. साधू भेटत नाही. बाहेर गेलाय, कुठे ते नक्की माहीत नाही, एवढंच कळतं.

ती कविता मला खरंच आवडली होती. पण आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजला गेलेलं नाही, त्यामुळे एखादी कविता का आवडली हे सांगताना मला अजून भीती वाटते. तरी मी धीर करून लिहिलं, की साधू जिथे राहतो ती वाट, ती झाडं, ती शांतता पाहूनच पाहुण्याला तो भेटल्यासारखा वाटतो, आणि तो समाधानाने परततो.

हे नगरच्या खोलीवर लिहीत होतो त्याच दुपारी दादा आले. दादा म्हणजे माझे वडील. आमचं गाव पाथर्डीकडे, पण दिवाळीनंतर आई आणि दादा कोपरगावकडे ऊसतोडीला असतात. तिथे नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकाने खाडा केला की दुसऱ्यालाही बसून राहावं लागतं. मला भेटायचं म्हणून त्या दिवशी दोघांचा खाडा झाला होता.

खोलीत वर्गातली दोन मुलं आली होती. वडील शुगर फॅक्टरीत आहेत, असं मी त्यांना सांगून ठेवलेलं. खिडकीतून दादा दिसले. सदऱ्यावर उसाच्या पाचटाची धूळ, हातात फडक्याचं गाठोडं.

मी रूम पार्टनरला हळूच म्हणालो, "मी नाही म्हणून सांग."

"अरे, पण कोण आहेत?"

"गावचे आहेत. सांग ना."

तो बाहेर गेला आणि त्याने दार ओढून घेतलं.

"न्हाई व्हय? कवा यील?" दादांचा आवाज आला.

"माहीत नाही, काका. बाहेर गेलाय कुठंतरी."

"बरं. मग एवढं द्या त्याला. भाकरी हायेत, तुमीबी खा."

गाठोडं आत आलं तसं त्या दोघांतला एक म्हणाला, "वट आहे राव तुझी! गावचे लोक जेवण पोचवतात!" सगळे हसले. मीही हसलो. चटणी-भाकरी त्यांनीच खाल्ली.

सोमवारी सरांनी मला रसग्रहण वाचायला लावलं. ऐकून म्हणाले, "चांगलं आहे. पण पाहुणा समाधानाने परततो, हे कवितेत कुठे आहे?"

मी कवितेत शोधलं. कुठेच नव्हतं. ते मी माझ्या सोयीनं घातलं होतं. मला एवढंच सुचत होतं, की तो साधू खरोखर बाहेर गेला होता. मी दाराआड खाटेवर बसलो होतो. सर "बस" म्हणाले तरी मी उभाच होतो.

शनिवारी एसटीने कोपरगाव गाठलं. ऊसतोड्यांच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, रस्त्याकडेला होत्या. आई चुलीपुढे होती. मला बघताच म्हणाली, "आज परत भेट व्हय? त्या दिशी दादा सांगत हुते, लई खुशीत हायेस म्हनून. तुज्यासंगं बसून जेवले म्हने."

मी दादांकडे पाहिलं. ते कोयत्याला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

थोड्या वेळाने ते पाण्याला निघाले, मी मागे गेलो. टाकीजवळ कसंबसं म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी आतच होतो."

"ठावं हाय," ते म्हणाले. "तुजी चप्पल दारात हुती. त्यातला टाका मीच घातल्याला."

मी हंडा तोटीखाली सरकवला. तो भरत आला तेव्हा ते म्हणाले, "त्या पोराला खोटं बोलायला लावू नको परत. लई घाबरलं हुतं बिचारं. आन् आईला काय सांगू नको."

परत आलो तर आईने विचारलं, "चटनी तिखट झालती का रं?"

दादा हंडा उतरवत होते. त्यांचे हात मध्येच थांबले.

"न्हाई," मी म्हणालो, "बरोबर झालती."