भुशाच्या डोंगरावरून युझावाला

चहाचा शेवटचा घोट काकाजी कधी पीत नसत. कप अंगणात कलता करायचे आणि ओघळ कुठे वळतो ते वाकून पाहायचे. "पानी कुठी जाते ते पाहा, मास्तर." त्यांच्या वाडवडिलांनी गावोगावी तलाव बांधले होते. जमीन दिसली की आधी उतार बघायचा, ही घराण्याचीच खोड. तुमच्याही शेजारी असा एखादा खोडकर म्हातारा असेल.

दवनीवाड्यात आमची घरे भिंतीला भिंत लागून. जपानात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाने हिवाळ्याच्या सुटीत काकाजी आणि काकू दोघांना बर्फ पाहायला बोलावले, स्कीची तीन गावे सुचवली आणि एक निवडा म्हणाला. काकाजी फोन घेऊन माझ्याकडे आले. पायांना पट्ट्या बांधून डोंगरावरून घसरणारी माणसे पाहून ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

निसेकोचा बर्फ पिठासारखा मऊ असतो, हे मी वाचून दाखवले. हाकुबाची शिखरे दाखवली. दोन्हींवर त्यांचा एकच प्रश्न: एवढा बर्फ वितळून जातो कुठे? युझावाच्या उताराखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, दिसली तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. बर्फाचे पाणी धानाला मिळते, म्हणजे गाव शहाण्यांचे. ठरले.

अडचण काकूंची होती. त्या नाही म्हणत होत्या आणि त्यांच्याशिवाय काकाजी जाणार नव्हते.

"घसरून पडाले जपानले कायले जाऊ? इथंच पडतो ना."

काकाजींनी मग इथेच पडायची सोय केली. राइस मिलच्या मागे भुशाचा डोंगर होता. पायांना बांबूच्या कमच्या बांधून, धोतर खोचून ते माथ्यावर उभे राहिले. उतार बरा आहे म्हणाले आणि निम्म्या वाटेत कमरेपर्यंत गडप झाले. मिलमधले हमाल पोट धरून खाली बसले. काकू शिव्या घालत त्यांना ओढून काढायला वर चढल्या. तिथे त्यांचाच पाय निसटला आणि त्या बसल्याबसल्या थेट तळाशी आल्या. उठल्या, लुगडे झटकले. केसांत भुसा तसाच.

"आनखी एकदा," म्हणाल्या.

नंतर मीही घसरलो. पुढे दोन दिवस तिघेही अंग खाजवत होतो.

धान कापून झाले की निघायचे होते. त्याआधीच काकाजी गेले, सकाळी अंगणातल्या खाटेवर बसल्याबसल्या. काकू आता कुठे जाणार, असे सगळ्यांनीच धरले होते. पण मुलगा क्रियाकर्माला आला तेव्हा त्यांनी त्याला सांगून टाकले, की जाईन, पण युझावालाच.

परत आल्यावर त्या माझ्या ओट्यावर चहा घेत बसल्या. बर्फावरून तीनदा घसरल्या, बसूनच. खाली पोरासोबत चहा घेतला आणि शेवटचा घोट बर्फावर ओतला.

कुठे गेला, मी विचारले.

"कुठीच नाही, मास्तर. भोक पाडून खाली गेला. म्हटलं, जाऊ दे, उन्हाळ्यात बांधीत निघते."

मग त्यांनी हातातला कप अंगणात कलता केला. आम्ही दोघेही वाकलो.