कानसेन आणि लाल गाडीची टिकटिक

रस्त्याच्या टोकाला, लोखंडी जिन्याखाली एक गॅरेज होतं. त्या गॅरेजचे मालक, एकुलते एक मेकॅनिक आणि स्वतःचे सर्वात मोठे चाहते हे तिघं एकाच माणसात नांदत होते. लोक त्यांना कानसेन म्हणत. गाडी दारात थांबायच्या आत ते तिचं दुखणं सांगून टाकत आणि दहातल्या नऊ वेळा ते खरं निघे. दहाव्या वेळेचा विषय ते काढत नसत. ‘चुकलो’ हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. घरात मात्र या तिखट कानांची तऱ्हाच वेगळी. “अहो, जेवायला चला,” असं बायकोनं तीनदा म्हटल्याशिवाय ते त्या कानांत शिरत नसे.

बायको शिवणकाम करी. तिची खोली गॅरेजच्या बरोबर वर. खाली इंजिनं घरघरायची, वर शिलाई मशीन धडधडायचं आणि दोघांचा संसार त्या तालावर बरा चालला होता.

एक दिवस डॉक्टरबाई आल्या. आयुष्यभर लोकांचे डोळे तपासून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं लाल रंगाची, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार घेतली होती आणि तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. इतकं, की नऊ वर्षांत गाडी जेमतेम आठ हजार किलोमीटर चालली होती. धूळ बसू नये म्हणून तिच्यावर आच्छादन आणि ते आच्छादन मळू नये म्हणून वर आणखी एक.

“सकाळी सुरू केली की टिकटिक करते,” त्या म्हणाल्या. “दोघांना दाखवली. एक म्हणतो इंजिन उतरवू, दुसरा म्हणतो विकून टाका.”

“आज इथंच राहू द्या,” कानसेन म्हणाले. “इंजिन थंड असलं की खरं बोलतं.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंच्या समोर त्यांनी गाडी सुरू केली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. टिक, टिक, टिक. इंजिन तापत गेलं तसा आवाज विरत गेला.

“लिफ्टर!” त्यांनी निकाल दिला. “व्हॉल्व्ह उघडणारे छोटे दट्टे असतात. त्यांच्यात तेल भरलेलं असतं. गाडी उभी राहिली की तेल खाली उतरतं, पोकळी राहते आणि दट्टा ठोके द्यायला लागतो. बाई, तुमची गाडी आजारी नाही. बसून बसून आळशी झालीय.”

“मीही निवृत्तच आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मी नाही टिकटिक करत.”

कानसेननी तेल बदललं. मग डॉक्टरबाईंना गाडी लांबवर चालवायला लावली आणि स्वतः शेजारी बसले. काठोकाठ भरलेली वाटी नेत असल्यासारख्या त्या शंभर किलोमीटर चालवत गेल्या. सकाळी पाहावं तर टिकटिक जिथल्या तिथं. कानसेननी तेलाचा दाब मोजला. तो अगदी ठणठणीत निघाला. ही गोष्ट त्यांच्या निदानाला जरा आडवी येत होती, म्हणून त्यांनी ती मनाच्या मागच्या खणात सारली आणि सोळाच्या सोळा नवे लिफ्टर मागवले.

खोकं आलं त्या सकाळी बायको जिना उतरून खाली आली.

“अहो, चार दिवस वरून ऐकतेय. तो ठोका नाहीये.”

“मग काय आहे?”

“माझ्या मशीनची सुई पट्टीवर आपटली की ठक वाजतं. लोखंडावर लोखंड. तुमची ही लालबाई तसं करत नाही. ती फसफसतेय. दातांच्या फटीतून हवा सोडावी तशी.”

“अगं, हे इंजिन आहे, उशीचा अभ्रा नाही!”

“अभ्रा आहे असं कुठं म्हणाले? फट आहे म्हणाले. आणि फट मला कळते. तीस वर्षं उसवलेलंच शिवतेय.”

ती वर निघून गेली. कानसेननी हातातला पाना खाली ठेवला. मग जिन्याकडे एक नजर टाकून त्यांनी हळूच रबरी नळीचा तुकडा घेतला, इंजिन पुन्हा सुरू केलं, नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनाच्या कडेनं फिरवत नेलं. धूर बाहेर नेणारा जाड पाइप इंजिनाला जिथं जोडलेला असतो, तिथं नळीनं त्यांच्या कानात फुंकर मारली. फस, फस, फस. टॉर्चच्या उजेडात जोडावर काजळीची काळी रेघ दिसली. दमट जागेत उभ्या गाडीचा एक बोल्ट गंजून तुटला होता. धातू तापून फुगला की फट मिटायची आणि आवाज बंद व्हायचा. लिफ्टरसारखाच हुबेहूब.

आता पंचाईत अशी, की लिफ्टरचं खोकं समोरच होतं. बोल्ट गुपचूप बसवावा, लिफ्टरही बदलावेत, कोणाला कळणार होतं? कानसेन स्टुलावर बसले. मग खोक्याला पुन्हा चिकटपट्टी लावून त्यांनी डॉक्टरबाईंना फोन केला.

“बाई, लिफ्टर नव्हते. बोल्ट आहे.” घसा खाकरून झाला. “मी... चुकलो.”

वर मशीन एकदम थांबलं.

“मीही एकदा चांगल्या डोळ्याला थेंब घातले होते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “शोधलं कुणी?”

“आमच्या... घरच्यांनी.”

तुटका बोल्ट काढायला दीड दिवस लागला. त्याच्या खुंटावर नट वेल्ड करून, तेल पाजून, बाबापुता करून कानसेननी तो अखेर फिरवून काढला आणि नवा बसवला. सकाळी इंजिन थंड असताना डॉक्टरबाईंनी चावी फिरवली. गाडी नुसती गुरगुरली.

“उभी ठेवल्यामुळेच गंजला ना बोल्ट?” कानसेन म्हणाले. “म्हणजे निम्मं माझंही बरोबर होतं.”

“हो हो,” बायको म्हणाली, “निम्मं कशाला, पाऊण घ्या.”

“चला, एक लांब फेरी मारून येऊ,” डॉक्टरबाई म्हणाल्या. कानसेननी झटकन हात पुसले. पण डॉक्टरबाईंनी दुसरं दार बायकोसाठी उघडून धरलं होतं. ती आधी नको नको म्हणाली, आणि म्हणता म्हणता बसलीसुद्धा.

“अहो, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा,” तिनं काच खाली करून सांगितलं. गाडी वळणापलीकडे गेली. कानसेन जिना चढून वर गेले आणि कुकरसमोर खुर्ची ओढून, कान देऊन बसले.