बुधीआजीची मुळी आणि हृदयातलं इंजेक्शन

नोव्हेंबरातला पहिला मंगळवार, सकाळी साडेदहा. मुरबाडच्या दवाखान्यात हजर: आमचे हे, मी, शहापूरहून आलेल्या माझ्या नणंद सुमनवन्सं आणि इको करणारे डॉक्टर.

डॉक्टर म्हणाले, "डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. हृदयाचा स्नायू ताणून सैल पडलाय. इजेक्शन फ्रॅक्शन अठ्ठावीस." म्हणजे भरलेल्या हृदयातून एका ठोक्याला शंभरातले अठ्ठावीस भागच रक्त बाहेर जातं. निम्म्याहून जास्त जायला हवं. हे धसईहून भाजीचा टेम्पो नेतात. क्रेट उचलताना धाप लागायची, ती आम्ही वयावर ढकलली. तुम्ही ढकलू नका.

मी अंगणवाडी सेविका, रजिस्टरशिवाय मला सुचत नाही. त्याच दुपारी वही केली: गोळ्या, वेळ, वजन, पायाची सूज.

गोळ्यांनी फरक पडला, पण पुरेसा नाही. मग मुंबईच्या एका रुग्णालयात संशोधक डॉक्टरबाई भेटल्या. त्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशींवर काम करतात. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि नळीवाटे त्याच माणसाच्या हृदयात सोडायच्या.

"म्हणजे मेलेल्या रोपाच्या जागी नवं लावायचं," हे म्हणाले.

बाई हसल्या. "आधी आम्हालाही तसंच वाटायचं. आता वाटतं, ते रोप फार टिकत नाही, पण शेजारच्यांना खत घालून जातं. खरंच घालतं का, तेच शोधतोय. बरं व्हाल असं वचन मी देत नाही."

अट अशी की काहींना पेशी मिळणार, काहींना नुसतं सलाइन. कोणाला काय, ते शेवटपर्यंत रुग्णालाही कळणार नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. याला ब्लाइंड अभ्यास म्हणतात. उपचार लागू पडला, तर सलाइनवाल्यांनाही शेवटी पेशी देणार. म्हणून यादीत नाव टिकणं महत्त्वाचं.

ह्यांनी सही केली. कमरेतून मगज काढला, नळीवाटे हृदयात जे सोडायचं ते सोडलं, तिसऱ्या दिवशी घरी. कंबर चोळत म्हणाले, "टायर बदलायला याच्यापेक्षा जास्त कटकट असते."

तीन महिन्यांनी सहा मिनिटं चालण्याची चाचणी झाली. हे कुठेही न थांबता चालले. इजेक्शन फ्रॅक्शन छत्तीस! बाईंनी माझी वही उलटून पाहिली. "अशी वही सगळ्यांनी ठेवावी. दुसरं काही औषध नाही ना?"

दर वेळी मी "नाही" म्हणायचे. त्या दिवशी वही त्यांच्या हातात पाहिली आणि काढा आठवला. सुमनवन्संनी शहापूरच्या डोंगरात झाडपाल्याचं औषध देणाऱ्या बुधीआजीकडून मुळी आणून दिली होती. मी रोज सकाळी तिचा काढा करत होते, अर्धा कप. वहीत एक अक्षर नाही. आमच्याकडे काढा औषधात धरतच नाहीत, तो चहासारखा चुलीवरचा.

सांगितलं तर ह्यांचं यादीतलं नाव जाईल. न सांगितलं तर त्यांचं सगळं मोजमाप खोटं. मी सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कसली मुळी?"

"ते माहीत नाही."

लगेच रक्त घेतलं. बाकावर दोन तास बसलो. हे म्हणाले, "चहाचं पण सांग गो, राहिला असंल." यकृत, मूत्रपिंड ठीक निघाली. काढा त्या दिवसापासून बंद. बाई म्हणाल्या, "बरं झालं बोललात. अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवते. पण मुळीचं नाव पाहिजे."

रविवारी बुधीआजीकडे गेले. ती म्हणाली, "नाव सांगलं का गुण जातो. नाय सांगणार."

मी फोनवर बाईंना ते सांगत होते, तेवढ्यात ह्यांनी फोन ओढून घेतला. "बाई, तुमी पण सांगत नाय, ती पण सांगत नाय. माझ्या आत काय घातलंय ते मलाच सोडून सगळ्यांना ठाऊक!"

"मलाही ठाऊक नाही हो," बाई म्हणाल्या, आणि मोठ्यानं हसल्या.

समितीनं ह्यांचं नाव तूर्त यादीत ठेवलंय, मुळी ओळखेपर्यंत. क्रेट उचलायला बंदी आहे, पण हे बाजारातून चालत फिरून येतात आणि वाटेत सगळ्यांच्या गोळ्यांची चौकशी करतात. ज्यांनी न रागावता ऐकून घेतलं, त्या बाईंचे उपकार मोठे. तुमच्या घरी आजारी माणूस असेल तर काढा, चाटण, भस्म, सगळं लिहा.

बुधीआजी शेवटी एवढ्याला कबूल झाली: नाव नाही, पण झाड दाखवीन, पालवी आली की ये. पान नेऊन बाईंना द्यायचंय. वहीत 'वनस्पतीचे नाव' हा रकाना आखलाय. तो अजून कोरा आहे.