तिच्या तोंडी माझं जपानी गाणं

नर्सिंगचा कोर्स निवडायला मला एक दुपार पुरली होती. जपानी गाणं निवडायला पंधरा दिवस लागले.

आळेफाट्यावर गॅरेजच्या वरच्या मजल्यावर आमचा जपानीचा क्लास होता. खाली पत्र्यावर हातोडा पडायचा, वर आम्ही क्रियापदं घोकायचो. माझी मामेबहीण पिंपरी पेंढारहून यायची, मी पिंपळवंडीहून. दोघींनाही जपानमधल्या वृद्धाश्रमात कामाला जायचं होतं. तिथली तीन माणसं मुलाखती घ्यायला येणार, मग दुपारी हॉटेलात जेवण आणि कराओके, असं सरांनी सांगितलं. गाण्याला मार्क नव्हते. पण म्हाताऱ्या माणसांत ही मुलगी रमेल का, हे ती माणसं गाण्यावरून ओळखतात, असं सर म्हणाले आणि माझी झोप उडाली.

रोज क्लास सुटला की आमच्या कांद्याच्या चाळीशेजारी बसून मी मोबाईलवर गाणी ऐकायची. पट्टी उंच नको, ताना नकोत, आजी-आजोबांच्या तरुणपणातलं हवं. शेवटी घरापासून लांब गेलेल्या माणसाचं एक संथ गाणं सापडलं. मामेबहिणीचा आवाज चपळ, म्हणून तिला उडत्या चालीचं नवं गाणं मीच शोधून दिलं. मग माझं गाणं तिच्यासमोर बसवायला घेतलं. आम्ही दोघी माझ्या आजोळच्या भजनात वाढलेल्या, ध्रुपद दोनदा म्हणायची जिभेला सवय. पहिली ओळ मी परत म्हणायची आणि मोबाईलवरचे शब्द पुढे निघून जायचे. ती पोट धरून हसायची. ती खोड मोडायला मला आठवडा लागला.

मुलाखती झाल्या, आणि त्या दुपारी हॉटेलात गाण्याच्या यादीत तिचं नाव माझ्या आधी होतं. ती उठली, सरांच्या कानात काहीतरी बोलली आणि माझ्या गाण्याचं संगीत सुरू झालं. मला वाटलं, सरांची चूक झाली. मी हात वर करणार, तेवढ्यात तिने माईक तोंडाशी नेला.

पहिली ओळ तिने छान म्हटली. आणि परत तीच म्हटली. पडद्यावरचे शब्द पुढे सरकले, ती अडकली, आणि तिची नजर मला शोधू लागली. मला गप्प बसायचं होतं. पण भजनात पुढची अडली की मागचीने ओळ उचलायची, हे माझ्यात इतकं मुरलेलं की मी मागून कधी गायला लागले ते मलाच कळलं नाही. तिने ओळ धरली आणि गाणं शेवटापर्यंत नेलं. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे पुसले. इतकं जुनं गाणं तुला कसं सुचलं, असं त्यांनी सरांमार्फत विचारलं.

"मीच शोधलं सर," ती म्हणाली. "म्हातारी माणसं लई आवडतात मला."

मग माझी पाळी. एकीने म्हटलेला अभंग त्याच बैठकीत दुसरीने म्हणायचा नाही, ही आमची रीत. तेच गाणं परत लावता येईल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी तिचं उडतं गाणं म्हणायला गेले आणि अर्ध्यावर धाप लागून माईक खाली ठेवला.

बाहेर एसटीची वाट बघताना मी तिला विचारलं, असं का केलंस.

"ताई, तुला कुठलंबी गाणं बसतं," ती म्हणाली. "मला तेवढंच येत व्हतं."

वर हे तिने माझं कौतुक केल्यासारखं सांगितलं. माझ्या हातात छत्री होती, ती मी कशी आवरली ते माझं मला ठाऊक.

तिची निवड झाली, माझी नाही. तू मुलाखतीतच कमी पडलीस, असं सर म्हणतात. मला ते पटत नाही. तेच गाणं तू पुन्हा का म्हटलं नाहीस, तिकडे कुणाला काही वाटत नाही, हेही त्यांनी सांगितलं. महिनाभराने.

गेल्या आठवड्यात तिकडून तिचा मेसेज आला. आश्रमातले आजोबा दर रविवारी तेच गाणं म्हणायला लावायचे, आता सगळ्यांना नवं हवंय. "ताई, दुसरं कुठलं घेऊ?"

मी उत्तर दिलेलं नाही. पण मेसेज वाचता वाचताच मला एक गाणं आठवलं, अगदी तिच्या आवाजाला बसेल असं. मला स्वतःचा राग येतो तो त्याचाच.