दोन अध्यक्षांचा एक संघ

महानगर क्लबच्या मैदानावर ते गृहस्थ रोज एकाच पायरीवर बसत. शेंगा सोलत आणि टरफलं स्वेटरच्या खिशात भरत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांचा मुलगा मानक नगरच्या क्लबचा गोलकीपर होता, माझा महानगर क्लबचा. दोन्ही क्लब एक झाले, माझा गोलमध्ये उभा राहिला आणि त्यांचा बाकावर बसला. तरी ते “लीजिए भाईसाहब” म्हणत मूठभर शेंगा माझ्यापुढे करत.

मुलं आपापल्या जुन्या सोबत्यांनाच पास देत राहिली. हंगामाच्या शेवटी आम्ही तळाला होतो. मग आढावा बैठक झाली. आधी हारतुरे, मग भाषणं. दोन्ही अध्यक्ष मुलांमध्ये ताळमेळ नसल्याबद्दल सविस्तर बोलले.

पायरीवरचे ते गृहस्थ शांतपणे उठले. “हुज़ूर, अध्यक्ष दोनों रहे, सचिव दोनों रहे। बस बच्चे आधे कर दिए।”

मग एका अध्यक्षांनी या मौलिक सूचनेचं स्वागत करून अभ्यास समिती जाहीर केली. दुसऱ्यांनी तिला दोन निमंत्रक नेमले. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

रविवारी सरावाला बाक रिकामा होता. “पापा, उसने खेलना छोड़ दिया,” माझा मुलगा हातमोजे चढवत म्हणाला.

मी पायरीपाशी गेलो. इतके महिने ते तिथे बसले होते, पण एक टरफलही मागे राहिलं नव्हतं.