तळाचा पत्रा

आमच्या गेवराईतला एक लोहार कुठलंही लोखंड आधी बोटाने वाजवून ऐकायचा, मगच हातोडा उचलायचा. निजामाच्या राज्यात मोटारी मोजक्याच. वडिलांच्या मागे आमची मोटार गोठ्यात गंजत पडली होती. चालता न येणाऱ्या आईला परळीच्या वैजनाथाला न्यायचं, म्हणून मी त्या लोहाराला घरी बोलावलं. महिनाभर तो अंगणात गंज खरवडत बसला. मोटारीचा तळ मात्र पार सडला होता आणि नवा पत्रा कुठेच मिळेना.

एक दिवस तो डोक्यावर पत्रा घेऊन आला. भट्टीवरचं छप्परच उचकटलं होतं त्याने.

"दादा, हे कशाला काढलंत?"

"मला ऊन लागंल, दुसरं काय? मायचा पाय खाली जाया न्हाई पायजे."

परळीला निघालो तेव्हा आईने त्याच्या भट्टीपाशी मोटार थांबवायला लावली आणि उन्हात घण मारणाऱ्या त्याला देवाआधी हात जोडले.